गरमी पाहणारा कॅमेरा

गुणाबाई वेधशाळेच्या घुमटाच्या पायऱ्यांवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. सूर्य टेकडीआड गेला होता. खाली जंगलावर पालापाचोळा जाळल्याचा पातळ धूर पसरला होता. तिचा दीर वारलू "चाल वयनी, खाली चाल" असं दोनदा म्हणाला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिचा नवरा भैयाजी आदल्या पहाटे मोह वेचायला गेला तो परतलाच नव्हता. गावकऱ्यांनी आणि वनरक्षकांनी मिळून जंगल पालथं घातलं, तेव्हा एका झाडाखाली अर्धी भरलेली टोपली तेवढी मिळाली. वाघाचं नाव कोणी घेत नव्हतं. अंगाची गरमी टिपणारं ड्रोन मागवलं होतं, पण ते दुसऱ्या तालुक्यात गुंतलं होतं. उद्या येईल, असा निरोप होता.

"मॅडम," गुणाबाई म्हणाली, "पोट्ट्याईले तुमीच सांगतलं ना, हा कॅमेरा अंधारात गरमी पाह्यते म्हून? मंग माह्या मानसाले पाहा न."

सत्यशीला घुमटाच्या दारात उभी होती. शाळेची मुलं वेधशाळा पाहायला आली होती तेव्हा ती तसं बोलली होती खरी. मुलांना सोपं करून सांगायचं म्हणून.

ती माजरीच्या एका खाणकामगाराची मुलगी. डिप्लोमा करून कंत्राटावर इथं लागली आणि केस पिकायला आले तरी कंत्राटावरच होती. कॅमेरा गार राहावा म्हणून रोज दुपारी त्याच्या टाकीत थंडगार द्रव नायट्रोजन भरायचं, दिवस मावळला की घुमट उघडायचा आणि धुळीच्या ढगांआड दडलेले, साध्या डोळ्याला न दिसणारे तारे उजाडेपर्यंत टिपायचे. या रातपाळीपायी तिचा संसार टिकला नाही. नागसेन भांडला नाही, तंडला नाही. "दिवसा तू झोपते, रातच्याले मी. घर कोनाचं म्हनाव?" एवढंच बोलून तो गडचांदूरला निघून गेला. तेव्हापासून कॅमेराच तिचं घरदार होता.

तिनं गुणाबाईला परोपरीनं समजावलं. हा कॅमेरा ताऱ्यांसाठी आहे, माणसाच्या अंगची ऊब त्याला कळत नाही. दुर्बीण आभाळाकडे पाहायला बांधलेली आहे, खाली झुकवता येत नाही. जवळचं तिला सारं धुकट दिसतं. गुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग वारलूकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "मोठ्या मानसासाठी झुकवली असती."

हे मात्र सत्यशीलाला सोसलं नाही. काही दिसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या तोंडचं 'नाही' या बाईला पटणार नव्हतं. ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती या पायऱ्यांवरून उठली नसती. सत्यशीलानं दोघांना आत घेतलं. दुर्बीण ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ नये म्हणून बसवलेला खटका तिनं काढला आणि ती हळूहळू खाली आणली. घुमटाच्या कडेवरून दूरच्या जंगलाचा एक पट्टा समोर आला. तेवढ्यात दुर्बीण कलल्यामुळे कॅमेऱ्याच्या टाकीतून नायट्रोजन सांडलं आणि फरशीवर पांढऱ्या वाफेचे लोट पसरले. वारलू दचकून मागे सरला.

पडद्यावर राखेसारखा करडा रंग उमटला. ना झाड, ना दगड. गुणाबाई पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

"हा कोन? हा पांढरा?"

एका कोपऱ्यात एक ठिपका लखलखत होता. सत्यशीला त्याला ओळखत होती. कॅमेरा जुना झाला तसे असे बिघडलेले ठिपके वाढत चालले होते. वारलूनं तोवर मोबाइल काढला होता. चार माणसं घेऊन आत्ताच निघतो, दिशा तेवढी सांगा, असं तो म्हणत होता. "हो" म्हणणं किती सोपं होतं. एक रात्र तरी ही बाई आशेवर काढेल. पण त्या आशेपायी चार माणसं अंधारात वाघाच्या रानात शिरली असती.

तिनं दुर्बीण थोडी डावीकडे फिरवली. करडा रंग हलला, ठिपका जागचा हलला नाही. मग उजवीकडे. ठिपका तिथंच.

"तो जंगलात नाई, गुणाबाई," ती म्हणाली. "तो कॅमेऱ्यातच आहे."

गुणाबाईनं त्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं.

"मंग तुमी रातभर काय पाह्यता?"

"तारे."

"तारे काय हरवले हायेत?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सत्यशीलानं पडदा बंद केला. वारलूनं वहिनीचा हात धरला आणि ती दोघं टेकडी उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ड्रोन उडायच्या आधीच नाल्यापलीकडे भैयाजी सापडला. जेवढा उरला होता तेवढा. गुणाबाईला वनरक्षकांनी पाहू दिलं नाही.

दुर्बीण झुकवली त्या संध्याकाळी नायट्रोजन सांडल्यानं कॅमेरा एकाएकी तापला होता आणि त्याच्या आतल्या नाजूक काचेला तडा गेला होता. सत्यशीलानं वेधशाळा चालवणाऱ्या प्रोफेसरांना फोन करून घडलं ते सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुरुस्तीला आता कोणी पैसे देणार नाही, वेधशाळा बंदच करावी लागेल, असं ते थकल्या आवाजात म्हणाले. तिनं घुमट लावला आणि किल्ल्या चौकीदाराकडे दिल्या.

रात्री टेकडीवरच्या आपल्या खोलीत तिला झोप येईना. इतक्या वर्षांची सवय. भैयाजीचे दिवस झाल्यावर एका पहाटे ती टेकडी उतरून गावात आली, तर बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. वनखात्यानं मनाई केली होती, पण मोह काही कोणासाठी झाडावर थांबत नाही. गुणाबाई त्यांच्यात होती. तिनं सत्यशीलाला पाहिलं. 'ये' म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही. नुसतं हातातलं, वाघाला हुसकायला आणलेलं जर्मनच्या पत्र्याचं ताट आणि एक काडी तिच्याकडे दिली.

बाया वाकून फुलं वेचू लागल्या. सत्यशीला त्यांच्याकडे पाठ करून, झाडीकडे तोंड करून उभी राहिली आणि उजाडेपर्यंत ताट वाजवत राहिली.