मिठातल्या चंद्राचं खळं

चैत्रातली सकाळ, आणि शिरोड्याची मिठागरं नुसती गुलाबी झालेली. गुलाबी पाणी, गुलाबी आभाळ, आणि दोन्हींच्या मधोमध शुभ्र, लखलखते, नुकते जन्मलेले मिठाचे ढीग. जणू सूर्यानं उगवता उगवता इथंच हात धुतले आणि रंग तसाच सांडून गेला.

पण तो रंग सूर्याचा नव्हताच मुळी. तो होता मिठात नांदणाऱ्या जिवांचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या, क्षारप्रिय, तहानेलाच घर मानणाऱ्या हट्टी जिवांचा.

त्याच खारट चिखलाची चिमूट मैथिलीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणलेली. एवढ्या मिठात तगायचं, तर हे जीव आपल्या पोटात काहीतरी अजब रसायन रांधत असणार. नवं, बिननावाचं, शत्रूला मारणारं. तेच तिला हवं होतं. काचेच्या बशीत जखम चिघळवणाऱ्या जंतूंचं दुधाळ धुकं पसरायचं, त्यात मिठातले जीव पेरायचे, आणि बघत बसायचं, कुठं धुकं विरतंय का.

विरत नव्हतं. बशीमागून बशी, धुकं आणि धुकं आणि धुकं. शेवटी सर म्हणाले होते, "उद्यापासून दुसरा विषय घे, पोरी."

उरली होती एकच बशी. तिच्या कडेला एक पांढरा ठिपका.

"मीठ सुकला ता," शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण इनास म्हणाली. "आधी पण अशीच फसलंस. धुवन टाक गो, माका भूक लागली."

इनासनंच नळ सोडला. मैथिलीनं जड हातानं बशी पुढं केली, बशी तिरकी झाली, आणि खिडकीतलं ऊन अचानक तिच्यातून आरपार गेलं.

ठिपक्याभोवती धुकंच नव्हतं. गोल, नितळ, रिकामी जागा.

"नळ बंद कर," मैथिली कुजबुजली. "गोड्या पाण्यात फुटून जाईल तो."

ज्योतीवर धरून निववलेल्या सुईचं टोक तिनं श्वास रोखून ठिपक्याला टेकवलं. मीठ असतं तर कर्र वाजलं असतं. वाजलं नाही. मऊ, ओलसर, सायीसारखं काहीतरी अलगद सुईला लागून आलं. जिवंत.

इनास भूक विसरून वाकली. "ह्याचा नाव काय गो?"

"ठेवायचंय अजून."

व्हरांड्यात सरांच्या चपला वाजल्या. मैथिलीनं बशी उन्हात उंच धरली, अजून उंच. आणि धुक्याच्या त्या इवल्या आभाळात मिठाच्या मुलखातला एक चंद्र उगवला होता, पांढरा, एकटा, आणि त्याच्याभोवती पडलं होतं नितळ, निवांत, गोल गोल खळं.