दोन डाव्या बाह्या

थोरलीला धाकटी जाऊ डोळ्यांसमोर नको व्हायची, आणि दुकान तर दोघींचं एकच. घराखालच्या खोलीत, एका खिडकीपाशी, समोरासमोर दोन शिलाई मशिनं. धाकटीला मशीनवर बसवलं ते थोरलीनंच. सुई ओवण्यापासून बाही जोडण्यापर्यंत सगळं तिनं शिकवलं, आणि आता गिऱ्हाइकं दारातूनच विचारत, धाकट्या बाई आहेत का? गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

थोरली प्रार्थनेची, देवाला भिणारी बाई, त्यामुळे या जळफळाटाची तिला लाजही वाटायची. रोज सकाळी ती निश्चय करायची की आज धाकटीचं कौतुक ऐकून पोटात दुखू द्यायचं नाही. अकरा वाजेपर्यंत दुखायला लागायचं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांना गाठलं आणि विचारलं, एवढा जोर लावूनही हे जात का नाही?

म्हातारे हसले. "जोर तू एकटीच लावतेयस म्हणून. उद्यापासून निश्चय करू नकोस. प्रभूला सांग, माझ्याकडे प्रेम नाही, तू दे. आणि बघत राहा."

हे 'बघत राहा' तिला आवडलं, कारण बाई मुळातच चौकस. शेजारी नवी खुर्ची आली तरी लाकूड कुठलं ते कळल्याशिवाय हिला घास उतरत नसे. आता तोच डोळा तिनं स्वतःवर लावला. रोज तेवढी एक ओळ म्हणायची आणि आत काही हललंय का ते बघायचं. काही म्हणता काही हललं नाही. उलट चौथ्या आठवड्यात धाकटीला एका नवरीच्या झग्याचं काम मिळालं, तर हिनं गुपचूप, झग्याचं कापड जिथून आलं त्याच दुकानातून, त्याच ताग्यातलं दोन मीटर सॅटिन आणलं. त्याचा फ्रॉक शिवून खिडकीत टांगायचा, म्हणजे कोणाचा हात बरा ते येणारे-जाणारेच ठरवतील. सकाळी प्रार्थना आणि दुपारी हे उद्योग.

आणखी दोन आठवडे गेले. नवरी आणि तिची आई चार वाजता झगा न्यायला येणार होत्या. एकच्या सुमाराला धाकटीचं मशीन थांबलं ते थांबलंच. थोरलीनं मान वर केली. धाकटी दोन बाह्या मांडीवर घेऊन बसली होती, तोंडचं पाणी पळालेलं. थोरलीनं लांबूनच ओळखलं, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. सॅटिनची एकच बाजू चकाकते, दुसरी बाही कापताना नमुना उलटा ठेवावा लागतो, आणि तेच राहून गेलं होतं. नवशिक्यानं करावी अशी चूक, आणि कापड वीतभरही उरलेलं नाही.

"ताई, मी मेले," धाकटी हळूच म्हणाली.

थोरली भानावर आली तेव्हा कपाट उघडं होतं आणि सॅटिन तिच्या हातात होतं. तिला स्वतःचंच नवल वाटलं. दुखऱ्या दातावर जीभ फिरवून पाहावं तसं तिनं मन चाचपलं. धाकटीची फजिती झाल्याचा आनंद कुठेतरी असायलाच हवा होता. सापडेना. सापडली ती फक्त चार वाजण्याची धास्ती.

"हे तुमच्याकडे कसं?" धाकटीनं विचारलं.

"तुझ्यावर कुरघोडी करायला आणलं होतं. रुसायचं ते नंतर रूस. आधी खडू दे."

उजवी बाही थोरलीनं कापली, शिवली आणि जोडली. धाकटीनं तोवर घेर उरकला. चारला दहा मिनिटं असताना इस्त्री फिरली.

नवरी आरशासमोर वळून वळून पाहत होती. तिच्या आईनं नेमका उजवा हात उचलून बाही निरखली आणि म्हणाली, या बाहीला तर तोड नाही, धाकट्या बाईंचं कामच वेगळं. थोरली कान टवकारून बसलीच होती. दुखलं. नेहमीच्याच जागी, थोडंसं दुखलंच. प्रभू, माझ्याकडे नाही, तू दे, ती मनात म्हणाली.

धाकटी खरं सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात थोरली बोलून गेली. "तिचा हात पहिल्यापासूनच चांगला आहे. शिकवताना मी पाहिलंय ना."

धाकटीचे डोळे भरून आले. हे खरंच होतं, आणि थोरलीला ते दहा वर्षं माहीत होतं, पण तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते आज आलं कुठून, हे त्या चौकस बाईला कोणाला विचारावं लागलं नाही. तिच्याकडचं तर ते नव्हतंच.