नकुलच्या गाडीची किल्ली

मॉरिसव्हिलला आमच्या घरी पार्टीत रवींद्रकाका आपले ज्यूरी ड्यूटीचे पराक्रम सांगत होते. बलात्काराची केस होती. मुलगी दारू प्यायलेली होती आणि यांच्या ज्यूरीने मुलाला सोडून दिलं होतं.

"जजने स्पष्ट सांगितलं होतं," काका म्हणाले, "ती नुसती प्यायली होती, एवढं पुरेसं नाही. संमती देण्याइतकी ती शुद्धीवर नव्हती आणि ते कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं, हे दोन्ही सिद्ध व्हायला हवं. अगं, स्वतःच्या पायांनी गेली ती त्याच्या खोलीत! त्या बिचाऱ्याला कसं कळणार?"

बिचारा म्हणे! माझं डोकंच सणकलं, पण घरात पाहुणे होते.

तेवढ्यात माझा भाऊ नकुल सगळ्यांना बाय करून दाराकडे निघाला. काकांनी ताडकन उठून त्याच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली.

"आय अ‍ॅम फाइन, काका."

"गप बस. डोळे बघ तुझे, जीभ जड झालीये. शेंबडं पोरही सांगेल."

"पण काका, तो तर स्वतःच्या पायांनी चालला होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"