नूरीपायी गेलेली म्हैस

लोणारच्या चांदबीची नूरी थोडे दिवस सांभाळायला म्हणून आमच्या सुलतानपूरच्या घरी आली, ती पिशवीतून निघून थेट लोखंडी कपाटाखाली गेली. त्या फटीतून सुतळी ओढायची तर तिला आधी तेल लावावं लागतं, आणि नूरी म्हणजे चांगली पोसलेली, भुरी, दोन-चार वेळा व्यालेली मांजर. गेली कशी ते मला विचारू नका. मी फक्त शेपूट आत जाताना पाहिलं.

त्यानंतर तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. दूध ठेवलं, भाकरी कुस्करली, चांदबीनं पुडीत बांधून दिलेली सुकट ठेवली. सगळं मुंग्यांनी खाल्लं. मुंग्या अशा माजल्या, की चालताना त्यांचे पाय वाजायचे.

नुसता मांजरीचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, राहा उपाशी. पण चांदबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा अकील तिला जालन्याला न्यायला आलेला, ऑपरेशनची तारीख ठरलेली, आणि ही बाई तिकडं लोणारला आपल्या ओट्यावर ठाण मांडून. "नूरी जेवली असं कळू द्या, मंग मी गाडीत बसते."

म्हणून मी फोनवर सांगून टाकलं, "जेवली, चांदबी. दोन वाट्या. वरून ढेकर देल्ला अन् माह्याकडं सुपारी मागितली."

"भाऊ, तुमच्या तोंडचं नको," चांदबी म्हणाली. "शैलजाबाईले फोन द्या."

आमच्या बायकोला खोटं बोलताच येत नाही. तिनं फोन घेतला आणि सांगितलं, "नाई जेवली, आपा." झालं. गाडी उभीच.

मग मीही पेटलो. कपाटासमोर पालथा पडलो आणि नूरीच्या डोळ्यांत डोळे घालून तिला समजावू लागलो. माझी गोष्ट ऐकायला माणसं येती एसटी सोडून देतात, ड्रायव्हरसुद्धा सोडून देतो. पण मी बोलायला लागलो की ही आणखी आत सरकायची. भिंत नसती तर शेजाऱ्याकडं निघाली असती. वैतागून कपाटाला एक थाप मारली, तर आतून असा फुत्कार आला की माझा चष्मा कपाळावर चढला.

"तुमी तिले खाऊ कुठं देऊन राह्यले?" शैलजा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तीन वाट्या ठेवल्या ना समोर."

"अन् वाट्याइच्या मांगं तुमी. एकटक पाहून राह्यले, तोंडाची टकळी चालूच. मी लगन होऊन आली तवा असेच समोर बसून अस्वलाची गोष्ट सांगून राह्यले होते. मीबी जेवली नोती."

"तू तर म्हणाली होती, भूक नाई."

"मंग काय म्हणू? आता तोंड बंद करा अन् दुसरीकडं पाहा. तिले वाटलं पाह्यजे, हे मानूस आपल्या वाटेले जात नाई."

तोंड बंद करा म्हणे. माशाला सांगा, पाणी सोड. तरी बसलो. खुर्ची दाराकडं वळवली, ओठ मिटले. पोटात गोष्टी अशा दाटल्या की सदऱ्याची गुंडी तुटली. बऱ्याच वेळानं कपाटाखालून आधी मिशा आल्या, मग अर्धं तोंड. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ती वाटीपर्यंत आली.

नेमका त्याच वेळी तुळशीराम बाहेर ओट्यावर येऊन टेकला. माझा शाळेपासूनचा सोबती. संगं त्याचा नवा जावई, कुशल.

"जावाईबापू, लोणारच्या तळ्याची गंमत सांगतो," तुळशीराम म्हणाला.

ती गंमत माझी. माझ्या आज्यानं काळी म्हैस त्या खाऱ्या पाण्यात धुतली, ती इतकी पांढरी निघाली की जानेफळच्या बाजारात गाय म्हणून विकली गेली. पुढं घेणारा भेटला तर म्हणे, गाय चांगली हाय, ताकात मीठ टाकावं लागत नाई.

"एक रेडा होता," तुळशीरामनं सुरुवात केली.

म्हैस! मी ओठ चावला. नूरीनं सुकटीचा एक तुकडा उचलला.

"तो मेहकरच्या बाजारात नेला."

खुर्चीचा हात माझ्या मुठीत करकरला. नूरीचे कान ताठ झाले. मी हात सैल सोडला. ती पुन्हा वाटीत वाकली.

"बैल म्हणून इकला. घेणाऱ्यानं औताले जुंपला, तर तो डबक्यात जाऊन बसला." तुळशीराम स्वतःच हसला. ताकाचं नावच नाही. कुठून येणार? रेड्याचं ताक कोण घुसळणार? अशी दुभती गोष्ट, या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत भाकड करून टाकली.

"कोनाचा होता रेडा?" जावयानं विचारलं.

"माह्या आज्याचा."

तुळशीरामनं दारातून मान आत घातली. "काऊन बे लक्ष्मीकांत, तुले तर ठाऊक हाय. खरी हाय का नाई माह्या आज्याची गोष्ट?"

जावई माझ्याकडं पाहत होता. नूरीच्या वाटीत निम्मी सुकट उरलेली. मी मान डोलावली. खरी हाय.

मागच्या अंगणात फोन वाजला. शैलजानं स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून वाटी पाहिली.

"हाव आपा, खाऊन राह्यली. माह्या डोळ्यानं पाहून राह्यली मी. नाई, ते गुपचूप बसले हायेत."

पलीकडून चांदबी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. शैलजा मात्र पुनःपुन्हा तेच सांगत राहिली, "नाई वो आपा, खरंच गुपचूप बसले हायेत. बसा आता गाडीत."