हिरवा मोर

शेवटच्या पिसातला डोळा रंगवून चिंतामणी स्टुलावरून खाली उतरले आणि मागे सरकून भिंतीकडे बघत राहिले. झोपाळ्यामागची अख्खी भिंत मोरानं व्यापली होती. मान डौलदार, पिसारा पार छतापर्यंत, एकही रेघ थरथरलेली नाही. जन्मभर फळ्यावर नुसत्या हातानं बिनचूक वर्तुळं काढणाऱ्या भूमितीच्या मास्तरांना शोभेल असाच.

श्रावणीचं डोहाळजेवण माहेरी, शुक्रवार पेठेतल्या या घरी होतं. "बाबा, सगळं मोरपंखी करायचं हं," असं तिनं फोनवर बजावलं होतं. त्याप्रमाणे पडदे बदलले, उशांना नवे अभ्रे चढले, दाराला मोरपिसांचं तोरण लागलं. ती सगळी निवड पत्नी सरोजिनीबाईंची. मोर मात्र चिंतामणींनी हौसेनं अंगावर घेतला होता.

त्यांना हिरवा आणि तपकिरी हे दोन्ही रंग सारखेच दिसत. हे त्यांनी आजवर कुणालाही कळू दिलं नव्हतं. बाटलीवरचं नाव वाचायचं, रंग वाटीत ओतायचा, वाट्यांचा क्रम ध्यानात ठेवायचा, असल्या युक्त्यांवर सगळं निभावत आलं होतं. पण सकाळी ते चहाला आत गेले तेव्हा फरशी पुसणाऱ्या बाईनं वाट्या उचलून पुन्हा खाली मांडल्या. क्रम बदलला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

दुपारी पाहुणे आले. श्रावणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, ती आत आली आणि भिंतीकडे बघून थबकली. जावई इंद्रजीतनं फोटोसाठी मोबाइल वर धरला होता, तो हळूच खाली घेतला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

बोलल्या त्या शेजारच्या बजाबाई.

"अगं बया! मास्तर, मोर उन्हात वाळत घातला हुता व्हय? आमच्या मंद्रूपला शेतात लई मोर येत्यात, पन तपकिरी पिसाऱ्याचा न्हाय बघितला कदी. आन पाय बघा की, पोपटावानी हिरवंगार!"

बायका खळखळून हसल्या. चिंतामणींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मोर त्यांना मघाइतकाच देखणा दिसत होता. नेमकं कुठं चुकलं ते शोधायलाही त्यांच्याकडे डोळे नव्हते.

"मीच सांगितलं त्यांना," सरोजिनीबाई हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवत म्हणाल्या. "हल्ली असे मातकट रंगच चालतात. चला, ओटी भरायला घ्या."

त्या इतक्या सहज खोटं बोलल्या की चिंतामणी चपापले. त्या स्वयंपाकघरात गेल्या तसे तेही मागोमाग गेले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

सरोजिनीबाई वाट्यांमध्ये खीर वाढत होत्या. "लग्नानंतरचा पहिला दिवाळी पाडवा. मी हिरवी साडी मागितली होती. तुम्ही चॉकलेटी आणलीत आणि म्हणालात, बघ कशी हिरवीगार आहे."

"मग तू काय केलंस?"

"नेसले की."

चिंतामणींनी ओट्याची कड धरली. इतकी वर्षं आपण लपवत होतो, आणि ही रोज सकाळी आपले कपडे जोडी लावून खुर्चीवर ठेवत होती. ही तिची सवय आहे असंच ते समजत आले होते.

"माझ्या मामांनाही असंच होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे आईकडून मुलाकडे येतं. माझ्याकडून श्रावणीकडे गेलंच असणार. तिला त्रास नाही, पण मुलगा झाला तर त्याला..." श्रावणी बारावीला असताना जीवशास्त्र मोठ्यानं पाठ करायची. हा आनुवंशिकतेचा धडा आला की ते चपला घालून बाहेर पडायचे.

सरोजिनीबाईंनी पळी खाली ठेवली. "मोराचं मी निभावलं. हे नाही निभावणार. हे तुम्ही सांगायचं."

आणि खिरीचं ताट घेऊन त्या बाहेर गेल्या.

चिंतामणी दारात येऊन उभे राहिले. श्रावणी झोपाळ्यावर बसली होती. तिची ओटी नुकतीच भरून झाली होती. वडिलांना बघून ती हसली.

"बाबा, मला आवडला हं मोर. मुद्दाम वेगळा काढलात ना?"

सगळ्यांनी माना वळवल्या. होकाराची मान हलवली असती तर तिथंच मिटलं असतं.

"मुद्दाम नाही काढला," ते म्हणाले. "मला तो हिरवाच दिसतोय, श्रावणी. अजूनही. लहानपणापासून असंच आहे. माझ्या मामांनाही होतं."

बजाबाईंचं हसू मावळलं. विहीणबाईंनी मुलाकडे पाहिलं. श्रावणीनं पाय टेकून झोपाळा थांबवला. तिचा हात सावकाश पोटावर गेला आणि तिथंच राहिला. तिला धडा आठवला असावा. चिंतामणींची नजर फरशीवर खिळली.

"बाबा, इथं बसा."

ते संकोचून झोपाळ्याच्या कडेला टेकले. तिनं आपल्या पदराचं टोक त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हा कुठला रंग आहे?"

फळ्यासमोर उभं असताना जे उत्तर त्यांनी जन्मात कधी दिलं नव्हतं, ते ओठांवर यायला वेळ लागला.

"कळत नाही गं," चिंतामणी म्हणाले. "तू सांग."