वाघ एकच पाहिजे

कल्पना करा, येत्या रविवारी तुम्हाला सात वर्षं पूर्ण होणार आहेत आणि तुमची उंची एवढीच आहे की शिवणयंत्राच्या टेबलाला जेमतेम हनुवटी टेकते. वर्गाची रांग लागली की तुम्ही सगळ्यांत पुढे. फोटोत पुढे, तेही बसून. शाळेच्या नाटकात तुम्हाला काम मिळालं ते दगडाचं. दगडाला बोलायचं नसतं, उठायचंही नसतं. वर सगळे तुम्हाला मुंगी म्हणतात आणि तुम्ही मुकाट्याने ओ देता.

जमलं? मग चला त्या मुंगीच्या घरी. पुढच्या खोलीत तिच्या आईचं शिवणाचं दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. पडद्यापाशी आजोबा इस्त्री करत उभे असतात.

"यंदा वाढदिवसाला थीम पाहिजे," मुंगीने जाहीर केलं.

"थीम म्हणजे काय गं?" आजोबांनी विचारलं.

"म्हणजे आलेल्या सगळ्यांनी एकाच गोष्टीतलं काहीतरी व्हायचं."

"मग बटणं व्हा. तीन डबे भरून आहेत आपल्याकडे."

"बटण कोण होतं का, आजोबा?"

"दगड होणाऱ्यांनी तरी असं विचारू नये."

मुंगीने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते लगेच कॉलरवर वाकले आणि फार मन लावून इस्त्री करू लागले.

शेवटी जंगल ठरलं. वर्गातली नऊ मुलं आणि त्यांतल्या जुळ्या बहिणींचा धाकटा भाऊ, अशी दहा बोलावणी गेली. प्रत्येकाने आपला प्राणी फोनवर कळवायचा; कानांचं टोपडं आणि बिनबाह्यांचं जाकीट आई शिवणार. मुलांची मापं तिच्याकडे होतीच, कारण शाळेचे गणवेश तीच शिवायची.

आता या आईची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. ती स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवत नसे, वहीवर ठेवत असे. वहीत लिहिलंय ते आणि तेवढंच शिवायचं. एकदा घाईत वहीत एकाच बाहीचा सदरा लिहिला गेला, तर तिने एकाच बाहीचा शिवून दिला. गिऱ्हाईक भडकलं तेव्हा तिने शांतपणे वही उघडून दाखवली. आणि शिवताना तिच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या, त्यामुळे फोन आला की ती नुसती मान हलवायची. मान हलली की फोन मुंगीने घ्यायचा आणि वहीत लिहायचं.

पहिला फोन शिडीचा. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा म्हणून शिडी.

"मला वाघ कर," तो म्हणाला.

मुंगीची पेन्सिल थबकली. शिडी वाघ झाला, तर त्याच्याशेजारी मुंगी वाघ कशी दिसणार? मांजर दिसणार. वर्षात एक दिवस, निदान एक दिवस, सगळ्यांनी आपल्याला बघून पळावं, एवढंच तिला हवं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि तिने वहीत लिहिलं, मेंढी.

मग जुळ्यांचा फोन. एकीला सिंह, दुसरीला बिबट्या. दोघेही वाघाच्या फार जवळचे. मेंढी, मेंढी. एकाला हत्ती हवा होता. हत्ती वाघाला घाबरेलच असं सांगता येत नाही. मेंढी. एकीला हरीण. हरीण घाबरतं खरं, पण धावतं फार जोरात आणि मुंगीचे पाय आखूड. तिलाही मेंढी. उरलेल्या चौघांनाही मेंढीच.

सगळ्यांत शेवटी फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज आला, "मी बोळका."

बोळका म्हणजे जुळ्यांचा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा, मुंगीपेक्षाही बुटका, आणि पुढचे चारही दात पडलेले.

"मला वाघ," तो म्हणाला. "दात मोठे लावायला सांग. माझे नाहीयेत ना."

"केवढे?"

"एवढे."

फोनवर 'एवढे' म्हणजे केवढे ते दिसत नाही, पण मुंगीला दिसले. तिने 'में' लिहिलं आणि पेन्सिलचं टोक मोडलं. टोक करायला ती उठली, सावकाश टोक केलं, परत येऊन बसली. आणि 'ढी' लिहून टाकलं. मग सगळ्यात खाली स्वतःचं नाव: मुंगी, वाघ, एकच. जरा विचार करून पुढे जोडलं: दात मोठे.

आईने त्या दिवशी टाचण्या काढून वही चाळली. "दहाच्या दहा मेंढ्या? बरं झालं बाई. ते पांढरं लोकरीचं कापड नुसतं पडून होतं."

"मेंढ्या जंगलात कधीपासून राहायला लागल्या?" आजोबांनी विचारलं.

"चरायला गेल्या आणि वाट चुकल्या," मुंगी म्हणाली.

"दहाही?"

"एक गेली की सगळ्या जातात. तुम्हीच सांगितलं होतं."

"असेल बुवा," आजोबा म्हणाले. "मी आपला इस्त्रीवाला. मला काय कळतंय." पण इस्त्री करताना त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

रविवारी दुपारी कापड कापायचं मोठं टेबल रिकामं करून त्यावर केक ठेवला गेला. दहा पुडकी भिंतीशी मांडली होती. सगळ्यांनी एकदम उघडली आणि दहाही पुडक्यांतून मेंढीचे पांढरे कान बाहेर आले.

"काकू," शिडी म्हणाला, "मी वाघ सांगितला होता."

"वहीत मेंढी आहे," आईने सवयीने सांगितलं आणि वही उघडली. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं. शेवटच्या ओळीपाशी थांबलं. तिच्या हाताखालून जुळ्याही वाचत होत्या. तिने वही मिटली.

"मुंगे, अक्षर सुधारलंय तुझं," ती म्हणाली.

या वाक्यावर हसायचं की पडद्यामागे पळायचं ते मुंगीला कळेना.

"आता हे तुझं तूच निस्तर. मी सुरी घेऊन येते," एवढं बोलून आई आत गेली.

शिडीने टोपडं उलटसुलट करून पाहिलं, डोक्यावर चढवलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवत सावकाश म्हणाला, "बेंऽऽ."

एक जुळी म्हणाली, "बेंऽऽ." दुसरी तर म्हणणारच. बघता बघता नऊ मेंढ्यांचा कळप झाला. कळप म्हणून हिंडण्यात फारच मजा होती. शिडी वळला की सगळे वळायचे. पडद्यातून सगळे एकदम घुसायचे आणि अडकायचे. आजोबांच्या सदऱ्याची बाही त्यांनी गवत समजून चघळली, तर आजोबा म्हणाले, "खा, पण बटण थुंका."

मुंगीने वाघाचं टोपडं नीट बसवलं, पुढे उडी मारली आणि डरकाळी फोडली.

कळपाने तिच्याकडे पाहिलं.

"मी वाघ आहे. तुम्ही पळायचं," ती म्हणाली.

"मेंढ्या विचार करून सांगतील," शिडी म्हणाला. नऊ डोकी एकत्र आली, कुजबुज झाली. "पळणार नाही. आम्ही चरतोय."

"मग मीही येते चरायला."

"वाघ चरत नाही," एक जुळी म्हणाली. "एकटाच असतो. वहीत लिहिलंय ना तू, एकच म्हणून."

मुंगी टेबलाखाली जाऊन बसली, तर तिथे आधीच कोणीतरी होतं. बोळका. त्याचं मेंढीचं टोपडं मांडीवर तसंच होतं, आणि जीभ दातांच्या रिकाम्या जागेत फिरत होती. रडत नव्हता. तो मुंगीच्या टोपड्यावरचे दात बघत होता.

"एवढेच सांगितले होते मी," तो म्हणाला आणि बोटांनी माप दाखवलं. माप अगदी बरोबर होतं.

मुंगीने टोपडं काढलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं. ते त्याच्या नाकापर्यंत आलं. तो चाचपडत टेबलाखालून बाहेर निघाला, छाती फुगवली आणि ओरडला. दात नसल्यामुळे डरकाळीतून नुसती शिट्टीच वाजली.

कळप चरत राहिला. एकही मेंढी हलली नाही. वाघाचे खांदे हळूहळू खाली यायला लागले.

तेव्हा मुंगीने त्याचं मेंढीचं टोपडं आपल्या डोक्यावर ओढलं, कोपर मारत कळपाच्या अगदी मधोमध घुसली, घाबरून किंचाळली, "वाघ आला," आणि सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पळत सुटली.