वरच्या ओळीतला मुका सूर

मी एक जुना, विजेवर चालणारा ऑर्गन आहे. वजन चार माणसांना जड, स्वभाव जरा मानी. माझ्या अंगावर पट्ट्यांच्या दोन ओळी आहेत, एक खाली, एक वर. कारागिरानं दोन्ही सारख्याच मायेनं घडवल्या होत्या.

मित्रांनो, अठरा वर्षं मी सोल नावाचं अमेरिकन धाटणीचं संगीत वाजवणाऱ्या एका बँडमध्ये काढली. आमच्यात गाणारं कोणी नव्हतं. जे सांगायचं ते वाद्यांनीच. मान ट्रम्पेटचा आणि गिटारचा. मला वाजवणारी ताई माझ्या खालच्या ओळीवर त्यांना साथ द्यायची. टाळ्या त्या दोघांना मिळायच्या आणि माझ्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवायचे. वरची ओळ कोणाला लागलीच नाही, म्हणून ती कोणी कधी साफही केली नाही.

मग ऐन अल्बमच्या तोंडावर ट्रम्पेटवाला दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि जाताना गिटारवाल्यालाही घेऊन गेला. गिटारवाला म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. त्या दिवशी ताई उशिरापर्यंत एकटीच माझ्यावर भावाच्या धुनांची साथ वाजवत बसली. मला फार वाईट वाटलं.

उरले तिघं : ताई, बेसवाले काका आणि ड्रमवाला. ट्रम्पेटचा एकट्याचा भाग नसलेल्या सात धुना कशाबशा झाल्या. शेवटच्या दिवशी आठवी राहिली होती आणि स्टुडिओ पाचपर्यंतच मिळाला होता.

"आज अल्बम पुरा झाला नाही, तर मी मोकळा," ड्रमवाल्यानं आधीच सांगून टाकलं. तो गेला की बँड संपला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वाजवायला सुरुवात झाली. मधला भाग आला आणि तिघंही एकदम हळू झाले. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "इथं कोण वाजवणार आहे? काहीच ऐकू येत नाहीये."

तिघांनी हात थांबवले. ट्रम्पेटला वाट करून द्यायची इतकी सवय, की तो गेल्याचं हातांना कळलंच नव्हतं.

"तू वाजव," काका ताईला म्हणाले.

"काका, मी जन्मभर साथच दिलीय."

"मग आता आम्ही देतो."

ताईनं भीतभीत वरच्या ओळीवर हात नेला. दोन सूर छान निघाले, तिसरी पट्टी मुकीच. मी शरमेनं अर्धमेला झालो. आत अठरा वर्षांची धूळ बसली होती, मी तरी काय करणार? साडेचार वाजले होते. ड्रमवाल्यानं काठ्या पिशवीत टाकल्या.

ताई तीच पट्टी भराभर दाबत राहिली. पट्टीखालचे विजेचे जोड एकमेकांवर घासून आतली धूळ झडते, हे तिला माहीत होतं. शंभरदा, दोनशेदा. काकांची नजर घड्याळावरून हलेना. पावणेपाचला माझ्या पोटात खरखर झाली, बारीक सूर निघाला आणि मग तो भरून वाजला.

दारापर्यंत गेलेला ड्रमवाला परत आला. "चला, एकदाच," म्हणत त्यानं काठ्या काढल्या.

मधला भाग आला, तेव्हा काका आणि ड्रमवाला नेहमीसारखेच हळू झाले. या वेळी वाट ताईसाठी होती. तिनं वाजवलं आणि मी जीव तोडून वाजलो. पाचला पाच मिनिटं असताना टेप थांबली.

मग ड्रमवाल्यानं विचारलं, "ताई, सोमवारी किती वाजता येऊ?"

मित्रांनो, तुमच्याकडे वाद्य असेल तर त्याचे सगळे सूर अधूनमधून वाजवून बघा, न लागणारेसुद्धा. आणि साथ देणाऱ्यालाही कधीतरी विचारा, तुला वाजवायचंय का. ताईला हे विचारायला आमच्या बँडला अठरा वर्षं लागली.